त्याला रेडियम म्हणू नका

नवरात्रात गरब्यासाठी लेकीच्या गालावर निऑन रंगाचा मोर काढून घेतला. ब्लॅकलाइटच्या, म्हणजे अतिनील दिव्याच्या उजेडात डोळ्यांना तो झगझगीत दिसला, मग मोबाइलच्या फोटोत सगळा चेहरा जांभळा का, असं एका वाचक आईने विचारलं आहे. पत्रात त्या रंगाला ‘रेडियम कलर’ म्हटलं आहे. आपल्याकडे चमकेल ते सगळंच रेडियम. नंबरप्लेटवाल्याच्या दुकानावरही ‘रेडियम आर्ट’ अशीच पाटी असते. या रंगात रेडियम औषधालाही नसतं.

औषधाचा संबंध आहे, पण तो वेगळा. १८५२ साली केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स हिवतापावरच्या क्विनाइनचं द्रावण नळीत घेऊन बसले. प्रिझममधून पाडलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात ती नळी ते तांबड्याकडून जांभळ्याकडे सरकवत गेले. बराच वेळ काहीच नाही. जांभळ्याच्या टोकाशी आणि त्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला नुसता काळोख दिसतो, तिथे मात्र नळी निळी उजळली! या प्रकाराला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव स्टोक्स यांचंच.

हे आपल्या दळणासारखं आहे. गिरणीत धान्य टाकलं की पीठ मिळतं आणि थोडी घट येते. रंगाचे रेणू अतिनील किरण घेतात, थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतात आणि उरलेली हिरव्या-केशरी उजेडाच्या रूपात परत देतात.

फोटोत आपल्याला हवं असतं पीठ. त्या जांभळ्या चेहऱ्यात आलं न दळलेलं धान्य. स्वस्त ब्लॅकलाइटचे एलईडी बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. त्यांतून दिसणारा जांभळा उजेडही सांडतो आणि कातडीवरून थेट कॅमेऱ्यात शिरतो. ३६५ नॅनोमीटरचा, पुढे काळपट फिल्टर लावलेला दिवा हा त्यावरचा उपाय. अशी काच अमेरिकेच्या रॉबर्ट वुड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवली. त्वचारोगतज्ज्ञांकडचा ‘वुड्स लॅम्प’ त्यांच्याच नावाचा, पण नाव घेणाऱ्यांपैकी किती जणांना हा माणूस ठाऊक असतो?

बाकीचं काम सोपं. खोलीतले इतर दिवे बंद करा. एकच दिवा बाजूला ठेवला तर नाकाची सावली निम्मा मोर गिळते, म्हणून दोन्ही बाजूंनी दोन ठेवा, तेही जवळ: अंतर निम्मं केलं की छोट्या दिव्याचा उजेड जवळपास चौपट होतो. मोबाइल स्टँडवर लावा, फ्लॅश बंद करा आणि एक्सपोजर हाताने कमी करा. काळी पार्श्वभूमी पाहून कॅमेरा स्वतःहून ते वाढवतो आणि मोराची पिसं पांढरी फटक होतात. पांढरा शर्टही नको. धुण्याच्या पावडरीतली उजळवणारी रसायनं मोराहून जास्त चमकतील.

शेवटचं, पण सर्वांत महत्त्वाचं: रंग त्वचेसाठीचाच घ्या, भिंतीचा किंवा पोस्टरचा नको. दिव्याकडे रोखून पाहू नका. आणि जंतू मारायला आणलेली यूव्ही-सी ट्यूब या कामाला चुकूनही लावू नका. ती डोळे आणि कातडी दोन्ही भाजते.