शेतमालवाहू पिकअप : पेट्रोल की डिझेल?

शेतमाल बाजारपेठेत नेण्यासाठी पिकअप घेताना अनेक शेतकरी डिझेल इंजिनाला पसंती देतात. मात्र योग्य निवड केवळ इंधनाच्या दरावर ठरत नाही. वाहन वर्षाकाठी किती किलोमीटर, किती भार घेऊन आणि किती लांबीच्या फेऱ्या करणार, हे पाहणे आवश्यक असते.

डिझेल इंजिनात ठिणगीची गरज नसते. प्रचंड दाबाने तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. या उच्च दाबामुळे आणि एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा अधिक ऊर्जा असल्यामुळे प्रतिलिटर जास्त अंतर कापले जाते. टर्बोचार्जरयुक्त डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरही भरपूर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद देते. त्यामुळे भरलेले वाहन घाट सहज चढते.

खर्चाचा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, डिझेल वाहन ८०,००० रुपयांनी महाग आहे. पेट्रोल १०५ रुपये लिटर व सरासरी १२ किलोमीटर धरल्यास प्रतिकिलोमीटर ८.७५ रुपये खर्च येतो. डिझेल ९२ रुपये लिटर व सरासरी १५ किलोमीटर धरल्यास तो सुमारे ६.१३ रुपये होतो. ही बचत जादा किमतीइतकी होण्यास सुमारे ३०,५०० किलोमीटर धावावे लागते. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणाऱ्या वाहनास त्यासाठी तीन वर्षे, तर ४,००० किलोमीटर धावणाऱ्या वाहनास साडेसात वर्षे लागतील. कर्जावरील व्याज व देखभालीतील फरक यात धरलेला नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांमुळे डिझेल वाहनांत काजळी अडविणारा फिल्टर आला. साचलेली काजळी जाळण्यासाठी धुराड्यातील वायू पुरेसे तापावे लागतात. शेत ते संकलन केंद्र अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते साधत नाही. परिणामी फिल्टर तुंबून दुरुस्तीचा मोठा खर्च उद्भवू शकतो. त्याचा इशारा देणारा दिवा लागल्यास पुस्तिकेतील सूचनेनुसार वाहन सलग चालवावे.

सारांश, लांब पल्ला, जड भार व चढाचे रस्ते असल्यास डिझेल हितावह. हलका माल, जवळच्या फेऱ्या व हंगामापुरता वापर असल्यास पेट्रोल योग्य. पेट्रोल वाहन २० टक्के इथेनॉलमिश्रित इंधनास अनुरूप असल्याची खात्री करावी. खरेदीपूर्वी एका हंगामातील फेऱ्या, अंतर व वजन यांची नोंद ठेवल्यास निर्णय अचूक ठरतो.