शिडी चालतली मां?

‘आमच्या प्लेअरार चालतली मां?’ लग्नाची, गणपतीची नाहीतर जत्रेतल्या दशावताराची शिडी हातात घेताना हे विचारल्याशिवाय गिऱ्हाईक पैसे काढत नसे. सीडीला आमच्याकडे, तळकोकणात, शिडीच म्हणतात. पुढे डीव्हीडी आली, तिचीही शिडीच झाली.

प्रश्न साधा, पण त्या ‘आमच्या’मध्ये केवढा पसारा होता! एक कॉपी घरात टीव्हीखाली राहायची, दुसरी चाकरमानी लालबागच्या चाळीत न्यायचा, तिसरी आखातात नोकरीला असलेल्या भावाकडे जायची. कुणाचा प्लेअर नावाजलेल्या कंपनीचा, कुणाचा बाजारातला स्वस्त चिनी. स्टुडिओवाल्याला त्यातला सगळ्यांत म्हातारा आणि हट्टी प्लेअर डोळ्यांसमोर ठेवून शिडी लिहावी लागे. गावागावातल्या शूटिंगवाल्यांनी ही कला पुस्तक न उघडता, डिस्का फुकट घालवत आत्मसात केली. तिची नोंद कुणी ठेवली नाही.

दशावतारापाशी या कलेचा खरा कस लागला. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी नाटक कंपन्या रोज नव्या गावात. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, आरोलकर ही नावे तळकोकणात पोरासोरांना ठाऊक. संकासुराच्या थट्टेने आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, रंगतो, मग आख्यान लागते आणि पहाट होते. रंगमंचावर एक बाकडे, तेच सिंहासन. संवाद कुठेही लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बोलणे त्या रात्रीचे. आज नारदाने जे सुनावले ते उद्याच्या गावात तसेच येणार नाही. नाटकाची संहिता छापलेली असते. दशावताराची त्या रात्रीपुरती असते आणि उजाडताना संपते. कुणी कॅमेरा लावला असेल तरच ती उरते.

आता हिशोब पाहा. मिनी डीव्ही कॅसेट ६० मिनिटांची. पाच तासांच्या प्रयोगाला पाच कॅसेटी, आणि प्रत्येक बदलताना दोन-चार वाक्ये हुकलेली. ते चित्रण संगणकात उतरवले की तासाला साधारण १३ जीबी, म्हणजे एका रात्रीचे ६५. घरच्या संगणकाची हार्ड डिस्क तेव्हा बहुधा ८० जीबीची. एक दशावतार आत घेतला की बाकी सगळे बाहेर.

व्हीसीडीचे, म्हणजे व्हिडीओ सीडीचे, नियम १९९३ साली ठरले. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, एमपेग-१ पद्धतीने दाबलेले, आणि एका सीडीवर फार तर ८० मिनिटे. म्हणजे पाच तासांना चार शिड्या. कुठे तोडायचे हा प्रश्न शूटिंगवाल्याच्या रसिकतेचा. राक्षस तलवार उपसतो आणि शिडी संपते, असे कुणी केले की घरातली आजी दुसरी शिडी लागेपर्यंत त्याच्या नावाने बोटे मोडायची. जाणता माणूस गायन संपताना, पात्र आत जाताना तोडायचा. चित्र मात्र सुमारच: हॅलोजनच्या उजेडात जरीचा शेला हलला की त्याचे चौकोन होत.

डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात, चित्र ७२० बाय ५७६. पण जागा वाढली म्हणून हाव सुटते. पाचही तास एकाच डिस्कवर कोंबले तर सेकंदाला जेमतेम दोन मेगाबिट वाट्याला येतात. मग डीव्हीडी घेऊन व्हीसीडीचेच चित्र पाहायचे. दोन डिस्का केल्या तर चार मेगाबिटांपुढे जाता येते आणि मुकुटावरचा मणीन् मणी दिसतो. माझे मत विचाराल तर दोनच कराव्यात. गिऱ्हाइकाला एक हवी असायची, कारण एक स्वस्त.

‘कुठल्याही प्लेअरवर’ या अटीचे खरे दुखणे निराळेच. संगणकात दिसते ती फाइल तशीच डिस्कवर टाकली तर संगणक ती दाखवतो, साधा प्लेअर नाही. त्याला ‘व्हिडीओ टीएस’ नावाचे कपाट लागते, आत ठरलेल्या नावांच्या फाइली, ठरलेल्या क्रमाने. आवाजही सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचा हवा. सीडीचा ४४,१०० चालत नाही. मग डिस्क बंद करायची, म्हणजे फायनलाइज. आमच्या घरच्या एका साखरपुड्याची शिडी स्टुडिओत झकास चालली आणि घरी आणल्यावर ‘नो डिस्क’. शेवटचा हा टप्पाच राहून गेला होता. ज्याने लिहिली त्याच्या यंत्राला अर्धवट डिस्क वाचता येत होती, इतरांना नाही. तेव्हापासून शिडी आधी दुसऱ्याच प्लेअरमध्ये घालून दाखव, असे मी म्हणू लागलो.

कोऱ्या डीव्हीडीच्या दोन जाती: वजा आर (DVD-R) आणि अधिक आर (DVD+R). जुने प्लेअर वजा आर डिस्क सहसा मुकाट्याने घेत, अधिक आर पाहून कधी कधी रुसत. पुसून पुन्हा लिहायच्या डिस्कवरून उजेड फारच कमी परततो, त्यामुळे त्या द्यायच्याच नाहीत. वर कागदी स्टिकर लावायचा नाही, कारण फिरताना तोल जातो. वेग बेताचा ठेवायचा. आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत सगळ्यांत मोठा नियम: यूपीएसशिवाय लिहायला बसायचे नाही. लिहिता लिहिता लाइट गेली की डिस्क गेली.

लिहिणे म्हणजे तरी काय? डिस्कच्या आत सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लेसर त्याला ठिपक्याठिपक्याने भाजतो. भाजलेले आणि न भाजलेले, एवढाच फरक प्लेअर वाचतो. म्हणजे त्या रात्रीचे सगळे बोलणे शेवटी एका रंगावर टिकून आहे, आणि रंगाला ऊन, उष्णता, दमट हवा सोसत नाही. सिंधुदुर्गात तर पावसाळ्यात चपलेलाही बुरशी येते. २००१ साली स्पॅनिश शास्त्रज्ञांनी बेलीझ या उष्ण, दमट देशातून आलेल्या सीडीवर जिओट्रिकम नावाची बुरशी दाखवली होती. प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियम खात ती आत शिरली होती. आपल्या शिड्यांवर तीच आहे असे नव्हे, पण हवा ओळखीची आहे. सीडीचा नाजूक भाग खालच्या चकचकीत बाजूला नसतो, वरच्या छापील बाजूला लागून असतो. तिकडचा ओरखडा जीवघेणा. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधे असल्याने ती जरा सुखरूप.

आज दशावतार यूट्यूबवर दिसतो, लग्नाचे शूटिंग पेनड्राइव्हवर मिळते आणि नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नसते. कोऱ्या सीडी घरोघर पोचवणाऱ्या मोझर बेअर या भारतीय कंपनीचे दिवाळे वाजून २०१८ साली ती मोडीत निघाली. यूट्यूबवर आहे ते अलीकडचे. आधीच्या पंधरा वर्षांतले पुष्कळसे अजून कुणाच्या तरी कपाटात, लग्नाच्या आल्बमाखाली, गंजक्या बिस्किटाच्या डब्यात पडून आहे. त्यातले कित्येक नट आता नाहीत, आणि त्यांचे बोलणे कागदावर कधीच नव्हते.

म्हणून वाचकांना एक विनंती. पावसाळ्याआधी आगोटीच्या बेगमीत सुके मासे, लाकडे, मसाला घरात येतो, तेव्हा कपाटातल्या शिड्याही खाली काढा. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा. एका ड्राइव्हने वाचली नाही तर टाकून देऊ नका, दुसऱ्यात घालून पाहा. जुना ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो. दोन वेगळ्या हार्ड डिस्कांवर उतरवा, एक मुंबईला पाठवा. गाव, कंपनी, आख्यान आणि कुणी कुठले सोंग घेतले होते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारून लिहून ठेवा. डिस्कवर लिहायचे तर बॉलपेनने नको. मऊ टोकाच्या मार्करने, मधल्या पारदर्शक कड्यावर.