‘तेव्हा तुम्ही काय केलेत?’
(आरोग्यशिक्षणाच्या प्रवेश मुलाखतींविषयी थोडेसे)

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की आपल्या रुग्णालयाच्या कार्यालयात प्रमाणपत्र मागणाऱ्या पालकांची वर्दळ सुरू होते. मुलाने वा मुलीने येथे काही दिवस रुग्णसेवा केली असे लिहून मिळावे, मुलाखतीत त्याचा उपयोग होईल, अशी त्यांची अपेक्षा असते. प्रत्यक्ष सेवेविना असा दाखला संस्था देत नाही. तथापि मुलाखतीत नेमके काय पाहिले जाते, हे पालकांना, तसेच शैक्षणिक साहाय्य निधीस हातभार लावणाऱ्या देणगीदारांना ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभी एक गैरसमज दूर करणे इष्ट. राज्यातील एमबीबीएसचे प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतात, तेथे मुलाखत नसते. आपल्या रत्नागिरीत 2023 साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्यास अपवाद नाही. डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 साली सेवाग्राम येथे स्थापन केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत पूर्वी गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे, तीही ‘नीट’ आल्यावर मागे पडली. मुलाखत होते ती पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, ‘नीट’नंतर निवडलेल्या उमेदवारांची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही रुग्णालय प्रशासनासारख्या अभ्यासक्रमांच्या निवडीत अनेक वर्षे मुलाखतीस मोठे स्थान राहिले आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुलांना तर ब्रिटन-कॅनडात तिला सामोरे जावेच लागते.

अशा मुलाखतीत वर्तनविषयक प्रश्न विचारतात. ‘तुम्ही संयमी आहात का?’ असे न विचारता ‘संयम सुटेल अशी वेळ आली, तेव्हा तुम्ही काय केलेत?’ असे विचारतात. माणूस पूर्वी कसा वागला यावरून पुढे कसा वागेल याचा अदमास बांधता येतो, ही त्यामागील धारणा. जॉन फ्लॅनगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या अभ्यासातून प्रत्यक्ष प्रसंग गोळा करण्याची पद्धत विकसित केली व 1954 साली ती प्रसिद्ध केली. पुढे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने एका दीर्घ मुलाखतीऐवजी निरनिराळ्या परीक्षकांसमोर अनेक छोट्या मुलाखती घेण्याचा पायंडा वैद्यकीय प्रवेशासाठी पाडला. एकाच परीक्षकाच्या आवडीनिवडीवर उमेदवाराचे भवितव्य अवलंबून राहू नये, हा त्याचा लाभ.

उत्तराचा साचा सर्वत्र शिकविला जातो: परिस्थिती, आपली जबाबदारी, आपण केलेली कृती आणि परिणाम. साचा वाईट नाही. मात्र आमच्या वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर जमेस धरलेल्या प्रत्येक रकमेचे व्हाउचर लागते. ‘मला सेवेची आवड आहे’ ही नुसती नोंद झाली, व्हाउचर म्हणजे घडलेला प्रसंग.

येथे आपल्या मुलांची एक अडचण होते. ‘मी मी करू नये’ हा आपल्याकडील संस्कार. जुलै 2021 मध्ये चिपळूणच्या महापुरानंतर मदतीस गेलेला मुलगा ‘आम्ही मदत केली’ एवढेच सांगून थांबतो. परीक्षकास हवे असते ते त्याने स्वतः काय केले: चिखल काढला, घरोघरी जाऊन कोणाचे औषध बुडाले याची यादी केली, की केवळ ट्रकमधून हिंडला? जे हातून घडले ते ‘मी’ म्हणून सांगणे हा अहंकार नव्हे. जे सोबत्यांनी केले ते त्यांच्या नावे सांगावे, म्हणजे झाले.

दुसरी अडचण याहून मोठी. घरातील आजारपण हा सांगण्याजोगा अनुभव आहे, असे आपल्या मुलांना वाटतच नाही. आमच्या बाह्यरुग्ण विभागात आजी-आजोबांना एस.टी.ने घेऊन येणारी, केसपेपर सांभाळणारी कितीतरी मुले दिसतात. अशीच एक विद्यार्थिनी आजीच्या पिशवीतील दोन निराळ्या नावांच्या पट्ट्या घेऊन औषधालयाच्या खिडकीशी आली होती. दोन्हींवर बारीक अक्षरांत रक्तदाबाच्या एकाच औषधाचे नाव तिने वाचले होते. दोन डॉक्टरांनी दोन वेळी दिलेले ते औषध आजी दुप्पट घेत होत्या. मुलीने स्वतः गोळी बंद केली नाही, विचारावयास आली. निरीक्षण, आपली मर्यादा ओळखणे आणि योग्य व्यक्तीकडे जाणे, हे सारे त्यात आले. मुलाखतीच्या सरावात मात्र तिने शाळेतील वृक्षारोपणाचा प्रसंग सांगितला. ‘ते तर घरचंच काम, सर,’ हे तिचे उत्तर.

चुकीविषयीच्या प्रश्नावर ‘मी अतिकष्ट करतो, हीच माझी चूक’ असे घोटलेले उत्तर अनेक मुले देतात. अनुभवी परीक्षकास ते तत्काळ कळते, कारण ‘मग पुढे?’, ‘तो काय म्हणाला?’ अशा दोन उपप्रश्नांतच पाठांतर संपते. किरकोळ असली तरी खरी चूक, आणि त्यानंतर बदललेली सवय सांगणे श्रेयस्कर. त्यात रुग्णाचा उल्लेख असेल तर नाव-गाव सांगू नये. गोपनीयतेची जाण तेथेच दिसते.

शैक्षणिक साहाय्य निधीतील विद्यार्थ्यांसाठी न्यासाच्या सभागृहात सराव मुलाखती घेतल्या जातात. निवृत्त शिक्षक, परिचारिका व डॉक्टर यांनी त्यासाठी महिन्यातून एक शनिवार द्यावा, अशी विनंती आहे. ज्या रुग्णांच्या घरी अशी मुले असतील, त्यांनी केसपेपरच्या खिडकीवर नाव नोंदवावे. त्यासाठी शुल्क नाही आणि दाखल्याची आवश्यकताही नाही.

— प्रशासकीय अधिकारी