मैफलीनंतरची जबाबदारी

जिल्ह्याच्या गावी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची बातमी छापून येते. दीपप्रज्वलन कोणी केले, अध्यक्षस्थानी कोण होते, आभार कोणी मानले, हे सारे तीत असते. कलावंताच्या वाट्याला शेवटचे एक वाक्य येते : ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले.’ काय सादर झाले, कोठे रंग भरला, कोठे उतरला, याविषयी अवाक्षर नसते. आज अधिकृतपणे अहिल्यानगर झालेल्या आमच्या नगरात हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही उणे आहे असेही कोणाला वाटत नाही.

मला ही उणीव जाणवली ती एका पियानोवादनाच्या वेळी. पुण्याच्या कॅम्पातील माझदा हॉलमध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीताचे कार्यक्रम होतात. नगरहून तेथे जायचे म्हणजे एसटीने सव्वाशे किलोमीटरांचा प्रवास. परतताना शेजारच्या गृहस्थांनी विचारले, ‘कसे झाले?’ मी म्हणालो, ‘छान!’ आणि पुढे शब्द सुचेना. ख्याल ऐकण्यात उमर घालवलेला मी ‘मंत्रमुग्ध’च्या पलीकडे गेलो नव्हतो. दोष वादकाचा नव्हता. ऐकलेले सांगण्याची सवयच मला नव्हती.

वास्तविक पाश्चात्त्य सुरावटी नगरला परक्या नाहीत. अमेरिकन मिशनचे काम येथे १८३१ साली सुरू झाले आणि त्यासोबत पाश्चात्त्य चालींची उपासनागीतेही आली. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याच उपासनेला ओवी, अभंग आणि कीर्तन यांची जोड दिली. देवापुढे कोणत्या चालीत गावे हा प्रश्न ज्या गावात जिवंतपणे विचारला गेला, तेथे संगीताविषयी बोलण्याची वाण असू नये. पियानोप्रमाणेच पट्ट्यांवर वाजणारी पेटी तर आपण घरोघर आपलीशी केली. मात्र तिचे स्वर ठरलेले, त्यांत मींड निघत नाही, या आक्षेपापायी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवले होते.

तोच आक्षेप पियानोवरही घेता येईल. त्याच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांमागे छोटे हातोडे तारांवर आघात करतात. आघात झाला की स्वर जन्मतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. गायकाप्रमाणे तो फुगवता येत नाही, सतारीप्रमाणे ओढता येत नाही. मग वादकाची कला कशात? विरत जाणारे हे सुटे स्वर असे गुंफायचे की ऐकणाऱ्यास अखंड गाणे ऐकल्याचा भास व्हावा, यात. पायाखालच्या पेडलने नाद किती रेंगाळू द्यायचा, डाव्या हाताने उजव्याला आधार द्यायचा की झाकोळून टाकायचे, विराम किती धरायचा, येथे वादकाची पारख होते. बीथोव्हेनची बत्तीस सोनाटे लिहून ठेवलेली आहेत. त्यांत कोणी स्वर घालत नाही की गाळत नाही. तरीही दोन वादकांचे एकच सोनाट निरनिराळे वाटते. एकच आख्यान दोन कीर्तनकारांच्या तोंडून ऐकणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मात्र तो फरक शब्दांत धरणारा कोणी हवा. मराठीत तशी परंपरा आहे. ‘आंधळ्यांची शाळा’ या १९३३ च्या नाटकाला संगीत देणारे आणि पुढे प्रभातच्या बोलपटांत पियानोला स्थान देणारे केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावाने गायक-गायिकांवर लिहीत. तिकडे लंडनमध्ये बर्नार्ड शॉ यांनी १८८८-८९ च्या सुमारास ‘स्टार’ पत्रात टोपणनावानेच संगीतपरीक्षणे लिहिली. ती लोक आजही वाचतात. त्यांतील कित्येक वादकांची नावे आता केवळ त्या लेखनामुळे उरली आहेत.

यावर आमच्याकडे ठरलेले उत्तर मिळते. लहान गाव, सारे एकमेकांचे ओळखीचे. वर्गणी गोळा करून कार्यक्रम घडवून आणणाऱ्यांच्या उत्साहावर पाणी कशाला ओतायचे? ही भीती खोटी नाही. परंतु ज्याने वर्षानुवर्षे रियाज केला, त्याच्याविषयी आपण लक्ष देऊन ऐकले नाही असे सुचवणारी स्तुती छापणे हा आदर कसा? नवशिक्या मुलाला सौम्य शब्दांत सांगावे, नामवंताला स्पष्ट सांगावे, पण सांगावे. लयीत कोठे घाई झाली हे ज्याने नोंदवले, त्याच्याच ‘उत्तम’ या शब्दाला किंमत असते. एरवी चांगल्या आणि सामान्य कार्यक्रमांची बातमी एकाच मजकुराची होते आणि चांगल्याचा वाली कोणी उरत नाही.

यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. कोणत्या कृती वाजवल्या, त्यांतील एक गोष्ट का भावली, एक का भावली नाही, एवढे दीडदोनशे शब्दांत लिहिता येते. जिल्हा पत्रांनी सत्काराच्या छायाचित्राइतकी जागा त्याला द्यावी. ऐकणाऱ्यांनीही ‘आपल्याला त्यातले काय कळते’ या विनयाआड दडू नये. तो पुष्कळदा आळसच असतो.

पुढच्या खेपेस मी खिशात लहानशी वही घेऊन गेलो. परतीच्या गाडीत कोणी काही विचारले नाही. पण शिरूरच्या थांब्यावरील मंद दिव्यात मी चार ओळी लिहिल्या. त्यांत ‘छान’ हा शब्द एकदाही आला नव्हता.