कुरकुरणारं मागचं चाक आणि तेलाची बुधली

सायकलचं मागचं चाक कुरकुरायला लागलं की सल्ले फुकट मिळतात, आणि त्यातला पहिला ठरलेला असतो: ‘थोडं तेल सोड.’ कॉलेजात असताना मी तेच करायचो. शिवणयंत्राच्या तेलाची बुधली घ्यायची, एक्सलच्या दोन्ही टोकांशी चार-चार थेंब सोडायचे. दोन दिवस सगळं शांत. तिसऱ्या दिवशी आवाज परत, आणि यायचा तो आधीपेक्षा खरखरीत.

हबच्या पोटात काय असतं ते पाहिलं की याचं कारण कळतं. दोन्ही बाजूंना एकेक वाटी, वाटीत छर्रे, आणि छर्‍यांवर बाहेरून टेकलेला, एक्सलच्या आट्यांवर बसवलेला कोन. या तिघांच्या मध्ये घट्ट ग्रीस हवं. ते वंगण देतंच, शिवाय कडेशी थांबून बाहेरची धूळ अडवतं. पातळ तेल सोडलं की हे ग्रीस विरघळतं आणि कडेला साचलेली माती तेलाबरोबर सरळ छर्‍यांपर्यंत पोचते. डब्ल्यूडी-40चा फवाराही इथे उपयोगाचा नाही. ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं मिश्रण आहे; नावातली दोन अक्षरंही त्याच कामाची आहेत. त्यातलं द्रावक ग्रीस धुऊन नेतं. याला एक अपवाद आहे. जुन्या काळ्या सायकलींच्या हबला मधोमध एक बारीक भोक आणि त्यावर स्प्रिंगची पट्टी असायची. ते हब तेलावर चालण्यासाठीच घडवलेले होते. तेलाचा सल्ला बहुधा त्याच काळातला. हब बदलले, सल्ला तसाच राहिला.

पण आवाज हबचाच आहे हे ठरवलं कोणी? मागून आवाज आला म्हणजे मागचंच चाक, असं सगळे धरून चालतात. सायकलची फ्रेम मात्र आवाज इकडून तिकडे नेण्यात पटाईत असते; पायडलची कुरकुर सीटखालून येते आहे असं खुशाल वाटतं. म्हणून आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी येतो ते बघावं. फक्त पायडल मारताना येत असेल तर चेन, पायडल किंवा बीबी एक्सल (पायडलच्या दोन्ही दांड्या जोडणारा) तपासा. पायडल थांबवल्यावरही येत राहिला आणि वेगाबरोबर वाढला-कमी झाला, तर संशय हबवर. मोजणंही सोपं आहे. पुढे 44 आणि मागे 18 दात असतील तर पायडलच्या एका फेर्‍यात चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. फेर्‍याला एकदाच ‘टक्’ होत असेल तर दोष चाकात शोधू नका.

चाक जड फिरतंय म्हणजे हब जाम झाला, ही अशीच एक घाई. ब्रेकची रबरं रिमला घासतात, मडगार्ड वाकून टायरला लागतं, सिंगल स्पीडची चेन तारेसारखी ताणलेली असते, आणि टायरमध्ये हवाच नसते. या सगळ्यांची शिक्षा बिचाऱ्या हबला. खरी परीक्षा चाक काढून, एक्सल दोन बोटांत धरून फिरवण्याची. वाळू भरडल्यासारखं जाणवलं तर आत माती आहे किंवा कोनाला खड्डे पडलेत. स्वच्छ पण जड फिरला तर कोन जास्त आवळला आहे.

आवळण्याबद्दलचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. चाक थोडं डुगडुगलं की नट पिळायचा, आणखी डुगडुगलं की आणखी पिळायचा. आपल्याकडे घट्ट म्हणजे पक्कं, असा हिशेब. कोनाला तो लागू नाही. कोन जादा आवळला की छर्रे लोळण्याऐवजी रगडले जातात आणि कोनाच्या गुळगुळीत वाटेवर बारीक खड्डे पडतात. एकदा पडलेले खड्डे ग्रीसने बुजत नाहीत. कोन फार ढिला ठेवला तर भार मोजक्या छर्‍यांवर येतो, तेही वाईटच. हवी असते ती मधली जागा: एक्सल बोटांनी अडखळल्याशिवाय फिरावा, आणि चाक सायकलला बसवल्यावर रिम धरून आडवं हलवलं तर हलू नये.

इथे नवशिका हमखास फसतो. कोन मनासारखा बसतो, मग त्यावर चेकनट आवळला की एक्सल पुन्हा जड. आट्यांमधली सूतभर ढिलाई चेकनट खाऊन टाकतो आणि कोन आत सरकतो. म्हणून चेकनट आवळण्याआधी कोन किंचित ढिला सोडायचा. क्विक रिलीजच्या चाकात आणखी नखभर ढिलाई ठेवायची, कारण लीव्हर दाबला की पोकळ एक्सलही थोडा दबतो. हे पहिल्या फटक्यात जमत नाही. मला अजूनही तीन-चार वेळा पुढे-मागे करावं लागतं. त्यासाठी पातळ कोन-पाना लागतो, मागच्या चाकाला बहुतेकदा 15 किंवा 17 मिलिमीटरचा. साध्या जाड पान्याने ते काम होत नाही, कोनाच्या कडा मात्र झिजतात. आणि काल हलकं फिरणारं चाक आज एकाएकी जड झालं असेल तर आधी चेकनट बघा. तो ढिला पडला की कोन स्वतःच फिरून आवळला जाऊ शकतो.

हब उघडलाच तर छर्रे धुऊन परत घालण्याची काटकसर करू नये. नवे छर्रे स्वस्त असतात, आणि जुन्या-नव्यांचं मिश्रण केलं तर आकाराने किंचित मोठे असलेले एकटेच भार उचलतात. मागच्या चाकात साधारणपणे पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ. दहावा कोंबला तर बसल्यासारखा वाटेल, पण थोडी मोकळी जागा राहणं गरजेचं आहे. वाट्या रॉकेलने स्वच्छ पुसून लिथियम ग्रीस भरा. पावसाळ्यानंतर उघडलेल्या हबमध्ये ग्रीस दुधी दिसलं तर पाणी शिरलं होतं असं समजा. कोनावरचे खड्डे बोटाला कळत नाहीत. बॉलपेनचं टोक फिरवलं तर ते अडकतं आणि चोर पकडला जातो.

फ्रीव्हीलची ‘टिकटिक’ हा तर बिघाडच नव्हे. पायडल थांबवलं की आतली कुत्री, म्हणजे स्प्रिंगवरचे खटके, दातांवरून घसरतात, त्यांचा तो आवाज. उलट टिकटिक पार बंद झाली तर काळजी करावी. सुकलेल्या ग्रीसमध्ये कुत्री चिकटली की पायडल रिकामं फिरतं, तेही नेमकं चढावर. म्हणून फ्रीव्हीलमध्ये पातळ तेल आणि हबमध्ये ग्रीस. दोघं इंचभर अंतरावरचे शेजारी, पण एकाचं खाणं दुसऱ्याला मानवत नाही. पायडल थांबवल्यावर चेनचा वरचा भाग सैल पडून पायडल आपोआप पुढे ढकललं जात असेल, तर फ्रीव्हील जड झालं आहे. हब खोलू नका.

नव्या सायकलींत छर्‍यांऐवजी सीलबंद बेअरिंग असतं, आणि सीलबंद म्हणजे जन्मभराचं असं दुकानातच सांगितलं जातं. रबराचं सील धूळ अडवतं. धुलाई केंद्रावरचा जोराचा फवारा नाही. खरखर आली की बेअरिंग बदलायचं. नंबर सीलवर छापलेला असतो. नवं बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्यायचा, आतल्यावर दिला तर ते नवं असतानाच खराब होतं.

एक्सल, कोन, छर्रे हे सगळं बदलता येतं. वाटीलाच खड्डे पडले असतील तर मात्र बहुतेकदा अख्खा हब बदलून चाकाच्या तारा नव्याने विणाव्या लागतात. नवा हब घेताना भोकं मोजून घ्या: जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला 32 तारा असतात, मागच्याला 40.