नाणेफेक करणारी यंत्रं आणि मार्टा क्वियात्कोव्स्का

फायरवायरने (संगणक आणि उपकरणं जोडण्याच्या एका पद्धतीने) जोडलेली दोन उपकरणं एकमेकांना ‘तूच प्रमुख हो’ म्हणत अडून बसली, तर? दोघंही मनातल्या मनात नाणेफेक करतात: थोडं थांबायचं की जास्त. हा तिढा सुटायला सरासरी किती वेळ लागेल, हे गणिताने तपासता येतं! संगणकशास्त्रज्ञ मार्टा क्वियात्कोव्स्का यांच्या गटाच्या ‘प्रिझम’ सॉफ्टवेअरने ते केलं. गंमत म्हणजे नाणं थोडं एका बाजूला झुकतं ठेवलं, तर तिढा लवकर सुटतो. मला हा निष्कर्ष फारच सुंदर वाटतो.

मार्टा यांचं शिक्षण क्राकोवला, १९८९ मध्ये लेस्टरची पीएचडी, मग बर्मिंगहॅम. २००७ पासून ऑक्सफर्डला प्राध्यापक. फायरवायरनंतर त्यांनी अशीच गणिती तपासणी ब्लूटूथ आणि पेसमेकरची केली, आता न्यूरल नेटवर्कची. २०१८ मध्ये रॉयल सोसायटीचं मिल्नर पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्याच महिला.