खेळातील बंदूक आणि ती वाहणारा माणूस

ज्या घरांत शाळा-कॉलेजात जाणारे मुलगे आहेत, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना अलीकडे एक नवल अनुभवास येत असेल. इतिहासाच्या पुस्तकातील सनावळी पाठ करावयाचा ज्या मुलाला कंटाळा येतो, तोच मुलगा ऐंशी किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या लष्करी रायफलींची नावे, त्यांत मावणाऱ्या गोळ्यांची संख्या आणि त्यांच्या आवाजांतील फरक घडाघडा सांगतो. त्यांपैकी एकही हत्यार त्याने हाती धरलेले नसते. हे सारे ज्ञान त्याला संगणकावरील आणि मोबाईलवरील युद्धखेळांतून मिळालेले असते. कोणा आईबापांना याची धास्ती वाटते, तर कोणाला कौतुक वाटते. आम्हांस असे वाटते की, नुसती धास्ती किंवा नुसते कौतुक येथे कामाचे नाही. हे खेळ मुलाला इतिहासाच्या दारापर्यंत आणून सोडतात, ही गोष्ट खरी. परंतु त्या दारात त्याला भेटते ती बंदूक. ती वाहणारा माणूस आत असतो, आणि त्याची ओळख कोणी तरी करून द्यावी लागते.

या आवडीचा उगम फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धावरील ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ हा चित्रपट १९९८ साली निघाला. त्याचे दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्याच कल्पनेतून पुढे १९९९ साली ‘मेडल ऑफ ऑनर’ नावाचा खेळ तयार झाला. २००३ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आला. या खेळांनी जगभरच्या मुलांना एका अमेरिकन रायफलीची ओळख करून दिली. तिचे नाव ‘एम-वन गॅरंड’. कॅनडात जन्मलेले जॉन गॅरंड हे अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारात नोकरीस होते. त्यांनी ती घडविली आणि १९३६ साली अमेरिकन सैन्याने ती स्वीकारली. या रायफलीचे हक्क गॅरंड यांनी आपल्या सरकारला देऊन टाकले होते.

या रायफलीत आठ गोळ्या पोलादी पत्र्याच्या एका चिमट्यात बसवून एकदम भरतात. आठवी गोळी सुटली की तो रिकामा चिमटा वर उडतो आणि ‘टिंग’ असा आवाज होतो. खेळ खेळणाऱ्या मुलांना हा आवाज देवळाच्या घंटेइतका ओळखीचा आहे. तो ऐकून शत्रूला रायफल रिकामी झाल्याचे कळे आणि तो तत्काळ चाल करून येई, अशीही एक कथा मुले एकमेकांना सांगतात. ती बव्हंशी दंतकथाच होय. चहूकडे तोफा आणि मशीनगन गर्जत असताना तो नाजूक आवाज दूरच्या शत्रूच्या कानी कसा पडावा? शिवाय शिपाई एकटा नसे. त्याच्या शेजारी भरलेल्या रायफलींचे सोबती असत. मात्र मुलगा ही कथा खरी की खोटी याचा शोध घेऊ लागला, तर तो इतिहासाच्या अभ्यासालाच लागला असे समजावे.

असा शोध घेणाऱ्यांची सोयही आता झाली आहे. इंग्लंडातील लीड्स शहरी ‘रॉयल आर्मरीज’ हे शस्त्रांचे मोठे संग्रहालय आहे. तेथील बंदुकांच्या संग्रहाचे पालक जोनाथन फर्ग्युसन हे खेळांतील बंदुका पाहून त्यांत खरे किती आणि खोटे किती हे इंटरनेटवरील चित्रफितींतून समजावून सांगतात, आणि तरुण मंडळी ते मोठ्या आवडीने ऐकतात. स्प्रिंगफील्डचे शस्त्रागार १९६८ साली बंद झाले. आज तेथेही संग्रहालय आहे. जी वस्तू एरवी काचेच्या कपाटात धूळ खात पडली असती, तिच्याकडे मुले जिज्ञासेने पाहू लागली, हे या खेळांचे श्रेय नाकारता येणार नाही.

पण खेळाला करमणूक साधावयाची असते, आणि त्यासाठी तो इतिहासाची मोडतोड करतो. २०१६ साली निघालेला ‘बॅटलफील्ड वन’ हा खेळ पहिल्या महायुद्धावर आहे. त्यात ऑस्ट्रियाची ‘हेलरीगल’ नावाची एक स्वयंचलित बंदूक वाटेल त्या सैनिकाच्या हाती दिसते. वस्तुतः ती १९१५ सालची केवळ एक प्रायोगिक बंदूक होती. आज ती काही जुन्या छायाचित्रांवरूनच ठाऊक आहे. त्या युद्धातील सामान्य शिपायापाशी साधी रायफल असे. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढावा, पुढे ढकलावा, मग दुसरी गोळी झाडावी, असा तिचा प्रकार. ब्रिटिश सैन्यातील त्या जातीची ली-एनफील्ड रायफल आपल्या लोकांस ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने परिचित आहे. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ती तयार होई, आणि अगदी अलीकडच्या काळापर्यंत ती आपल्या पोलिसांच्या खांद्यावर दिसत असे.

याच खेळात इराणी आखाताच्या टोकाशी असलेल्या फाओच्या किल्ल्याची लढाई आहे. आपली मुले तेथे तासन्‌तास लढतात. पण १९१४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात त्या किनाऱ्यावर जी फौज खरोखर उतरली, ती पुणे डिव्हिजनची होती आणि तीत ११७ वी मराठा पलटण होती, हे त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? हीच फौज पुढे तैग्रिस नदीवरील कुट या गावी वेढ्यात सापडली. १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि धर्मभावनेमुळे हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस बरेच दिवस नाकारले. अखेर सुमारे १३,००० लोक शरण गेले. त्यांतील कित्येक कैदेतच मृत्यू पावले. अशी भूक पडद्यावरच्या खेळात कोठून दिसणार?

आणखी एक उदाहरण आम्ही मुद्दाम देतो. ‘टॉमी गन’ ही अमेरिकेची थॉम्पसन बंदूक दुसऱ्या महायुद्धावरील बहुतेक खेळांत असते. ती भरली म्हणजे तिचे वजन पाच किलोंच्या आसपास जाते. खेळात ती फुलासारखी हलकी असते. गोळ्या संपल्या की एक बटण दाबावे, नवी मॅगझिन बसते आणि लढाई पुढे चालू होते.

१० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, हीच बंदूक नाईक यशवंत घाडगे यांच्या हाती होती. ते रायगड जिल्ह्यातील माणगाव भागाचे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले. वय अवघे २२. शत्रूच्या मशीनगनने अगदी जवळून मारा केला आणि त्यांच्या तुकडीतील त्यांच्याखेरीज प्रत्येकजण ठार वा जखमी झाला. घाडगे एकटेच त्या मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, टॉमी गनने एकास टिपले. मग त्यांच्या गोळ्या संपल्या. नवी मॅगझिन चढविण्यास वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून मारले. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि ते तेथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मिळाला. त्यांची कबर ज्ञात नाही. इटलीतील कसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे.

खेळात मेलेला गडी क्षणात पुन्हा उभा राहतो. बावीस वर्षांचे घाडगे उठले नाहीत. आणि त्या मशीनगनमागे जे होते, तेही कोणाचे तरी मुलगेच होते. एवढा फरक मुलाच्या मनात उतरला, तर बंदुकीविषयीचे त्याचे कुतूहल त्याला निर्दय करणार नाही, उलट विचारी करील.

यासाठी आईबापांनी काय करावे? पहिली गोष्ट, खेळावरील वयाची खूण पाहावी. ‘बॅटलफील्ड वन’ हा खेळ १७ वर्षांखालील मुलांसाठी नव्हे, असे अमेरिकेतील मानांकन सांगते. मग दहा वर्षांच्या बालकाच्या हाती तो देणे हा निष्काळजीपणा होय. दुसरी गोष्ट, मोठ्या मुलाला नुसते रागे न भरता त्याच्याजवळ बसून विचारावे: “बाळा, ही बंदूक कोठली? कोणत्या लढाईत होती? ती कोणाच्या खांद्यावर होती, आणि त्याचे पुढे काय झाले?” पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तो तत्काळ देईल. तिसऱ्याशी तो थांबेल. तेथूनच पुस्तक हाती द्यावे.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ सालापासून बेळगावी आहे. त्या बाजूच्या खेड्यापाड्यांत पलटणीतून निवृत्त झालेली माणसे भेटतात. इतरत्रही अशी घरे आहेत. कोणाच्या भिंतीवर आजोबांचा गणवेशातील फोटो असतो, कोणाच्या पेटीत पदक असते. मुलाला एखाद्या संध्याकाळी अशा एखाद्या आजोबांकडे घेऊन जावे. रायफलीत गोळ्या किती मावतात हे तो त्यांना सांगेल. ती खांद्यावर घेऊन रात्रभर चालताना काय वाटते, हे ते त्याला सांगतील.